काठावरचा उठत नाही

बस्त्याव मास्तर दोन्ही हातांत घड्याळ घालायचे. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक, आणि दोन्हींत वेगळे वाजलेले असायचे. मी पहिल्यांदा वसईकडच्या वटार गावात त्यांच्या घरामागची खोली बघायला गेले तेव्हा दोन वर्षांची माझी लेक परी कडेवर होती आणि हातात कपड्यांची पिशवी. ते ओट्यावर बसलेले. मी काही विचारायच्या आत त्यांनी डावं घड्याळ बघितलं, मग उजवं बघितलं, मग मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग मान वर करून म्हणाले, "बोल बाय." मला वाटलं, आल्या आल्या माझी नोंद केली या माणसाने. आणि खरंच केली होती, ते मला नंतर कळलं.

इथल्या चर्चचे फादर म्हणाले, मास्तरांवर तू लिही. मी म्हटलं, मी नववीपर्यंत शिकलेली, मला काय लिहिता येणार, तर म्हणाले, जशी बोलतेस तशी लिही. आपल्या गावच्या मासिकात मास्तरांची गोष्ट दर महिन्याला यायची, ती वाचणारे पार विरारपर्यंत आहेत, काही तर परदेशात आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी मास्तरांना कधी बघितलेलं नाही. आणि सगळे एकच विचारतात, नातालीनचं पुढे काय झालं? नातालीन म्हणजे त्यांच्या गोष्टीतली बाई. ते मी शेवटी सांगते. आधी माणूस कसा होता ते ऐका.

त्याच्यासाठी माझं थोडं सांगावं लागेल, नाहीतर मी एवढी का घाबरायची ते कळणार नाही. नायगावला खाडीकडच्या नवीन टॉवरमध्ये आम्ही राहायचो, चौदाव्या माळ्यावर. नवऱ्याचा हात उठायचा. ते मी सहन करत होते, किती बायका करतात, पण एक दिवस मी दळण घेऊन वर आले तर परी घरात नाही. नवरा नाही, त्याचा फोन बंद. चार दिवस. मी चार दिवस जेवले नाही की झोपले नाही. मग तिला आणून दिली, नणंदेकडे ठेवली होती, आणि नवरा हसून म्हणाला, "बघितलंस? तू खाली जाऊन येईपर्यंतचं काम आहे." तेव्हापासून माझा कोणावर विश्वास राहिला नाही. आईवर पण नाही, कारण आई म्हणाली, जाऊ दे ना, बापच आहे. वसईला एव्हरशाईन सिटीत मी ज्या बाईंकडे पोळ्या करायला जायचे त्यांनी गुपचूप ही वटारची खोली सांगितली आणि मी परीला आणि एवढी एक पिशवी घेऊन निघाले.

वटारला सगळं वेगळं. केळीच्या वाड्या, नारळ, घरांपुढे क्रूस, आणि लोक आपापसात जी भाषा बोलतात ती मला अर्धी पण कळायची नाही, मग मला वाटायचं माझ्याबद्दलच बोलतायत. मला बघून मराठीत बोलायला लागले की आणखी संशय यायचा. मास्तरांच्या वाडीत जुनी विहीर आहे. तिच्यावर पूर्वी रहाट होता, बैल गोल फिरायचा आणि गाडगी रिकामी खाली जायची आणि भरून वर यायची. आता मोटर आहे, विहिरीवर लोखंडी जाळी आहे, रहाटाचं मोठं लाकडी चाक तेवढं राहिलंय. मास्तर रोज त्या विहिरीशी जाऊन उभे राहायचे, आत बघायचे, घड्याळ बघायचे आणि लिहायचे. मी खोलीच्या पायरीवर बसून वाडीतला मोगरा ओवायचे आणि त्यांच्यावर डोळा ठेवायचे.

एकदा वही ओट्यावर राहिली. ते आत चहा करायला गेलेले. मी उघडली.

"सकाळी ७.१० – मागची बाय नळावर. ७.२५ – मुलगी उठली, रडली. ९.०५ – दार बंद, आतून कडी. ११.४० – बाय पायरीवर, फुलं. मुलगी शेजारी. १२.१५ ते १२.५० – गल्लीत कोणी नाही."

मी दोनदा वाचलं. गल्लीत कोणी नाही, हे कोणाला कळवायचं होतं? मी कधी उठते, कधी कडी लावते, पोर कुठे बसते. मी वही घेऊन तशीच आत गेले, परी काखेत, आणि विचारलं, "हे काय आहे मास्तर? कोणासाठी लिहिताय हे?"

कोणीही दुसरा माणूस घाबरला असता किंवा चिडला असता. मास्तरांचा चेहरा उजळला. "वाचलंस? सगळं? बरं झालं. मग मला सांग, सव्वाबारा ते बारा पन्नास खरंच कोणी नसतं का? मला मासेवालीची शंका आहे."

मी म्हटलं, "मी पोलिसात जाईन."

"जा हो, पण आधी चहा घे," असं म्हणून त्यांनी मला गोष्ट सांगितली. नातालीन नावाची तरणी बाई, तिचा नवरा भर दुपारी वाडीतून नाहीसा झाला, कुठे गेला कोणालाच माहीत नाही. ती रहाटाच्या दोराने विहिरीत उतरते आणि त्याच वाडीत, पण नवरा नाहीसा झाला त्या दिवशी वर येते. म्हणजे काळात मागे जाते. मासिकात ही गोष्ट दर महिन्याला. "आता बाय, बाई विहिरीतून बाहेर येते तर ती कोणाला दिसता कामा नये. म्हणून मला माहीत पाहिजे की या गल्लीत कोणाचीच नजर नाही असा वेळ कोणता. दुसऱ्या गावाची गल्ली मी कशी लिहू? मला हीच माहितेय."

मी म्हटलं, गोष्टच आहे ना, कधीपण येऊ दे बाहेर. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला ते वाक्य ऐकवलं जे नंतर मी शंभर वेळा ऐकलं. "गोष्ट खोटी असते बाय, म्हणून तिला गणित खरं लागतं."

चाळीस वर्षं गणिताचे मास्तर होते ते. काळात मागे जायचे त्यांनी नियम केले होते आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले होते. पहिला नियम, उतरताना हात रिकामे, कारण गाडगं रिकामंच उतरतं. दुसरा, जे कोणी बघितलेलं आहे ते बदलत नाही, कोणीच बघितलं नाही तेवढ्याच जागेत काहीतरी करता येतं. तिसरा, खाली जेवढा वेळ घालवला तेवढाच वेळ वर पण जातो, फुकटात काही मिळत नाही. म्हणून दोन घड्याळं. डाव्यात आपली वेळ, उजव्यात नातालीनची.

मी बाकीची पानं चाळली. सगळं गाव त्यात होतं. पोस्टमन, पाववाला, शाळेची रिक्षा. आणि शेजारच्या रोझी मावशी: "१०.३० – रोझी कुंपणावर. १०.५० – रोझी कुंपणावर. ११.२० – रोझी अजून कुंपणावर."

"तुझ्या ओळी खोडू?" मास्तरांनी विचारलं.

"खोडा."

त्यांनी खोडरबर आणला, एकेक ओळ खोडली, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि मोकळ्या जागी लिहिलं, "मागच्या खोलीबद्दल लेखकाला काही माहीत नाही." तरी माझा विश्वास बसला नाही. ते वाडीत गेले की मी रोज वही चोरून बघायचे, पुन्हा माझं काही लिहिलंय का. तसं करता करता मी गोष्ट वाचायला लागले. काही दिवसांनी बघते तर वही रोज त्याच जागी, नवीन पान उघडं, आणि वर टोक केलेली पेन्सिल. म्हणजे त्यांना कळलं होतं. मी पेन्सिलीला हात लावला नाही. मला वाटलं हा पण एक सापळाच.

पण एक दिवस राहवलं नाही. मासिकात छापून आलं होतं की नातालीन खाली तीन दिवस राहिली. तीन दिवस! आणि तिचं आठ महिन्यांचं बाळ वर पाळण्यात. मी तशीच मास्तरांसमोर जाऊन उभी राहिले. "मास्तर, बाळाला दूध कोणी पाजलं?"

"कुठल्या बाळाला?"

"नातालीनच्या. तुमचा तिसरा नियम आहे ना, तिथे तीन दिवस तर इथे पण तीन दिवस. मग ते पोर तीन दिवस पाळण्यात काय करत होतं?"

मास्तर उठून उभे राहिले. परत बसले. डावं घड्याळ बघितलं, उजवं बघितलं, जसं काही कुठल्यातरी घड्याळात उत्तर असेल. लग्न केलेलं नव्हतं, घरात कधी पाळणा हलला नव्हता, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं की बाळ खातं पण. "अरे देवा," एवढंच म्हणाले, "मी मारलं की गं त्याला." त्या दिवशी जेवले नाहीत. रोझी मावशी कुंपणावरून मला म्हणाल्या, "काय गं पोरी, काय केलंस म्हाताऱ्याला? विहिरीत उतरून उतरून डोकं आधीच ओलं झालंय त्याचं."

पुढच्या अंकात गोष्टीच्या वर चौकटीत छापून आलं, ज्यांनी वाचलं त्यांना आठवत असेल: "मागील भागात लेखकाच्या हलगर्जीपणामुळे बाळ तीन दिवस उपाशी राहिले. लेखक वाचकांची व बाळाची माफी मागतो." लोक हसले. मी नाही हसले. माझ्या आयुष्यात मी कोणी चुकून माफी मागितलेली पण बघितली नव्हती, हा माणूस कागदावरच्या पोराची माफी मागत होता.

आणि कॅलेंडरवर चौथा नियम आला. विहिरीत कोणी एकटं उतरायचं नाही. काठावर एक माणूस बसलेला पाहिजे, त्याने दोर धरायचा आणि मागे राहिलेलं सांभाळायचं. आणि गेलेलं माणूस परत येईपर्यंत काठावरचा उठत नाही. उठला तर दोर सुटला, मग परत येणं नाही. गोष्टीत त्यांनी काठावर एक म्हातारा बसवला, मांडीवर नातालीनचं बाळ, हातात बोंडल्याची बाटली.

त्यानंतर मास्तर मला बोलावूनच घ्यायला लागले. "बाय, ये, भोक शोध. तू शोध, ठिगळ मी लावतो." मी म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं. ते म्हणायचे, "हुशार माणसं विश्वास ठेवतात गं. फादर वाचतात, छान म्हणतात. तू कशावरच विश्वास ठेवत नाहीस. मला तेच पाहिजे." मला आयुष्यभर सगळे म्हणत आले की तू फार संशयी, सासूने तर त्यावरून नाव ठेवलं होतं, आणि इथे एक माणूस माझा संशय शाबासकी देऊन घेत होता. मग मी काढायचे एकेक. नातालीन ओल्या साडीने बाहेर आली तर पायऱ्यांवर पाणी सांडलं असेल, ते कोणी बघितलं? तिथलं पाणी प्यायली तर ते पोटात घेऊन वर आली, मग हात रिकामे कसे? कुत्रा भुंकला नाही का? मास्तर टाळी वाजवायचे. पाण्याच्या शंकेवर त्यांनी दोन दिवस घालवले. पायरीवर सांडलेलं पाणी किती वेळात वाळतं ते बघायला स्वतः बादली ओतायचे आणि घड्याळ लावून शेजारी बसायचे. रोझी मावशी म्हणाल्या, "पाणी वाळतंय का बघतोय! आम्ही कपडे वाळत घातले की आम्हाला पण येऊन सांग रे मास्तरा."

तरी मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या मनातली अढी गेली नव्हती. चांगली वागणारी माणसं जास्त धोक्याची असतात, हे मी नायगावला शिकले होते. नणंद पण चांगली वागायची.

मग तो दिवस आला. मी परीला घेऊन दुधाला गेले होते, परत आले तर रोझी मावशी कुंपणावर. "ए पोरी, कोण गं तो? बाइकवर आलेला, लाल टी-शर्ट, कानात बाळी? मास्तरांनी अर्धा तास ओट्यावर बसवला होता त्याला. वही दाखवत होते."

लाल टी-शर्ट, कानात बाळी. माझा नवराच. हातातली दुधाची पिशवी पडली. वही दाखवत होते. मी खोलीत गेले, पिशवी भरायला घेतली, परीचे कपडे, आधारकार्ड, औषध. मास्तर दारात आले. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. म्हटलं, "झालं तुमचं? मिळाला गल्लीत कोणी नसायचा वेळ?"

"बाय, ऐक—"

"किती दिवसांपासून ओळखता त्याला?"

"आज एक वाजून दहा मिनिटांपासून," मास्तर म्हणाले. "एक बेचाळीसला गेला. त्याने विचारलं, अंकल, तुमच्याकडे भाड्याने कोणी राहतं का? मी म्हटलं, बसा. मग त्याने विचारलं, एक बाई आणि लहान मुलगी? मी म्हटलं, बाई आणि मूल? हो हो, आहे की, नातालीन! पहिल्या भागापासून सांगतो. आणि सांगायला लागलो. मध्ये मध्ये तो काहीतरी विचारायचा, मी म्हणायचो, त्याच्यावर येतोच आहे. पहिला नियम सांगितला, दुसरा सांगितला. तिसऱ्याला त्याला घाम फुटला. दोन्ही घड्याळं दाखवली तेव्हा उठला. म्हणाला, अंकल, मला उशीर होतोय. मी म्हटलं, कुठल्या वेळेप्रमाणे?"

बाहेरून रोझी मावशींचा आवाज आला, "जाताना मला असं करून दाखवलंन!" आणि त्यांनी डोक्याशी बोट फिरवलं.

मास्तर म्हणाले, "एक शब्द खोटा बोललो नाही हां. मला येत नाही."

मी तरी वही मागून घेतली. लिहिलं होतं, "१.१० – अनोळखी माणूस, बाइक. १.४२ – गेला. त्याचे प्रश्न पाच. आपली उत्तरं शून्य." आणि बाइकचा नंबर. मी पिशवी रिकामी केली. पण सगळी नाही, परीचे दोन फ्रॉक आत तसेच ठेवले.

त्याच्यानंतर मी एक वकीलबाई गाठल्या, त्यांनी अर्ज घातला आणि मला वसईला कोर्टात तारीख पडली, पोरगी कोणाकडे राहणार त्याची. वकीलबाई म्हणाल्या, आज मुलीला आणायचं नाही, जज बोलावतील तेव्हा बघू, तिथे आवारात गर्दीत कोणी उचलली तर तुम्ही काय करणार. मग परीला ठेवायची कुठे? आई नाही. पोळ्यांच्या बाई नाहीत, तिथे नवरा ओळखतो. रोझी मावशी मनाने चांगल्या, पण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी दोन दिवस विचार केला. मग मास्तरांकडे गेले. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "मास्तर, मला खाली उतरायचंय. काठावर कोण?"

त्यांनी डावं घड्याळ बघितलं, उजवं बघितलं. मग म्हणाले, "चौथीच्या खालची मुलं मी सांभाळलेली नाहीत बाय."

"उठणार नाही ना?"

"नाही उठणार."

मी काय काय सांगितलं ते त्यांनी नियमासारखं लिहून घेतलं. दहाला केळं. बाराला वरणभात, मऊ. पाणी कपाने. झोपताना पाठीवर थोपटायचं, डोक्यावर नाही. मी म्हटलं, दोन वाजेपर्यंत येते. परीला सांगितलं, "आई दोन वाजता येणार हां." तिला दोन म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण तिने दोन बोटं वर केली. मास्तरांनी उजवं घड्याळ माझ्या वेळेला लावलं.

कोर्टात माझा नंबर लवकर लागला नाही. बारा वाजले, एक वाजला. व्हरांड्यात नणंद उभी होती, हातात नवीन फ्रॉकची पिशवी आणि बिस्किटाचा पुडा. "परी कुठाय? आत्याने खाऊ आणलाय ना तिच्यासाठी." मी तिच्या मागे बघितलं. मग माझ्या लक्षात आलं, नवरा कुठे दिसत नाही. वकील आहे, नणंद आहे, तो नाही. नणंदेने फोन बघितला आणि गालात हसली. म्हणाली, "राहू दे. भेटेल, भेटेल."

मला पुढचं काही नीट आठवत नाही. मी मास्तरांना फोन लावला, वाजला, उचलला नाही. परत लावला. पाच वेळा, दहा वेळा. निघून यावं तर तारखेला हजर नाही म्हणून त्यांचंच फावणार. नंबर लागला तेव्हा तीन वाजून गेले होते. जजसाहेबांनी काय विचारलं, मी काय बोलले, ते मला कळलंच नाही, नंतर वकीलबाईंनी सांगितलं की सध्या मुलगी तुझ्याकडेच राहणार, पुढची तारीख पडलीय. मी त्यांना हो पण म्हटलं नाही, बाहेर पळाले. रिक्षात बसले तर रिक्षावाला म्हणाला, ताई, रडू नका, पोचवतो. मी रडत होते हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मी स्वतःच्या हाताने दिली. सव्वाबारा ते बारा पन्नास. गल्लीत कोणी नाही. हे मास्तरानेच लिहिलं होतं, त्यानेच, आणि मी नववी शिकलेली बाई, त्याच्या गोष्टीत भोकं शोधत बसले आणि हे एवढं मोठं भोक मला दिसलं नाही.

साडेपाचला पोचले. ओटा रिकामा. खुर्ची पण नाही. ओट्यावर मास्तरांचा फोन पडलेला. घराला बाहेरून कडी, माझ्या खोलीला मी लावलेलं कुलूप. मी कुलूप ओढून बघितलं. मग वाडीत शिरले.

विहिरीपाशी, रहाटाच्या चाकाआड, खुर्ची टाकून मास्तर बसले होते. एकदम ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. त्यांच्या खांद्यावर परी झोपली होती, तोंड उघडं, लाळेने त्यांचा शर्ट भिजलेला. खाली केळ्याची सालं, कप, वरणभाताचं ताट. मास्तरांनी मला बघितलं आणि अगदी हळू बोलले, "सावकाश घे. उठवू नकोस. माझे दोन्ही पाय मगाशीच गेलेत."

मी तिला घेतली. तिचं डोकं, तिचे हात, सगळं चाचपून बघितलं. मग म्हटलं, "फोन का नाही उचललात?"

"फोन ओट्यावर. वाजत होता, ऐकला. काठावरचा उठत नाही."

"इथे का बसलात?"

"ओट्यावरून रस्ता दिसतो बाय, म्हणजे रस्त्यावरून ओटा पण दिसतो. दुसरा नियम. इथे मी कोणाला दिसत नाही, सहा महिने तपासलंय." मग म्हणाले, "बाइक आली होती. दोनदा आली. रोझीने कुंपणावरून घेतला त्याला. काय बोलली ते छापण्यासारखं नाही, पण दुसऱ्या वेळेला तो इंजिन बंद न करताच वळला."

परी जागी झाली. माझ्याकडे बघितलं, आणि रडली नाही, काही नाही, दोन बोटं वर केली. "आई दोन वाजता आली," म्हणाली.

मला कळेना. मग मी मास्तरांचं उजवं घड्याळ बघितलं. त्यात दोनला पाच कमी होते. डाव्यात पावणेसहा.

मास्तरांनी मान खाली घातली, पकडलेल्या मुलासारखी. "दोन वाजले तेव्हा ती विचारायला लागली, आई कुठे. ओठ काढला तिने. मी म्हटलं, आई तिथे आहे, तिथे अजून दोन वाजलेच नाहीत, हे बघ. आणि काटा मागे घेतला. मग परत विचारलं, परत घेतला. सात वेळा."

मी एवढी घाबरलेली, आणि तरी माझ्या तोंडातून तेच आलं. "मास्तर, तिसरा नियम. तिथे जेवढा वेळ, इथे तेवढाच."

"माहितेय," ते म्हणाले. "मोडला. चाळीस वर्षांत पहिलं खोटं गणित केलं, ते पण तुझ्यासमोर पकडलं गेलं." मग खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, "लिहून घ्यायला पाहिजे. काठावरच्याला एक खोटं माफ. चालेल? भोक आहे का?"

मी बघितलं. मला नाही सापडलं.

"मग आता मला धर आणि उठव," मास्तर म्हणाले, "मला अकरा वाजल्यापासून मोरीत जायचंय."

त्या संध्याकाळी कॅलेंडरवर पाचवा नियम आला: काठावरच्याला उठायचं असेल तर आधी दुसऱ्याला बसवायचं. खाली बारीक अक्षरात, "विशेष कारण – मोरी." त्यावर मी आणि रोझी मावशी इतक्या हसलो की वाडीत आवाज गेला. त्यानंतर परीचे ते दोन फ्रॉक मी पिशवीतून काढून खुंटीला लावले.

मास्तर ईस्टरनंतर आजारी पडले. आधी ताप, मग छातीत कफ. दवाखान्यात न्यायला रिक्षा आली तेव्हा त्यांना आम्ही दोघींनी धरून बसवलं. त्यांनी मला काहीतरी सांगायला हात वर केला, पण खोकला आला, आणि रिक्षावाला म्हणाला नंतर बोला, आधी पोचू दे. चौथ्या दिवशी गेले. पेटी बंद करायच्या आधी रोझी मावशी पुढे झाल्या, त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात उचलले आणि दोन्ही घड्याळं एकाच वेळेला लावली. आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. मी नंतर विचारलं, काय बोललात मावशी, तर म्हणाल्या, "म्हटलं, आता एकच पुरे रे तुला."

वही माझ्याकडे आली. छापून आलेल्या शेवटच्या भागात नातालीन अजून खाली आहे, तिला आत्ताच नवऱ्याची पाठ दिसलीय, आणि तिथेच गोष्ट थांबलीय. सगळे विचारतात ती परत येते का. मला माहीत नाही. मास्तरांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, मी प्रत्येक पान उजेडाला धरून पण बघितलंय. शेवटच्या पानावर फक्त हे आहे:

"नातालीन खाली. बाळ वर. काठावर – म्हातारा." म्हातारा शब्दावर काट मारलीय. पुढे लिहिलंय, "मागची बाय?" आणि खाली, थरथरत्या अक्षरात, "तिला विचारायचं आहे. घाबरेल. सवडीने विचारणे."

मी अजून घाबरतेच. पुढची तारीख जवळ आलीय. दार उघडायच्या आधी मी फटीतून बघते, बाइकचा आवाज आला की परीला आत ओढते. मला गोष्ट लिहिता येत नाही आणि नातालीनला वर काढता येत नाही. पण नियम मला येतात, आणि नियमाप्रमाणे काठावर कोणी बसलंय तोपर्यंत परत यायची वाट उघडी असते. म्हणून काल मी त्यांच्या जागी खुर्ची टाकली, परी माझ्या शेजारी चिंचोके खेळत होती, आणि त्यांच्याच पेन्सिलीने त्या प्रश्नचिन्हावर काट मारली आणि खाली लिहिलं.

"१२.२० – गल्लीत कोणी नाही. मागची बाय काठावर."